सगळं फेडलं गेलं असेल, तर शेत परत द्यायचं का?

निपाणीकडच्या एका शिक्षिकेचे हे प्रश्न. माहेर वारकरी, सासर ख्रिस्ती. लग्नानंतर त्या उपासनेला जातात, घरी पवित्र शास्त्र वाचतात. पहिला प्रश्न असा की, देव प्रेमळ आहे तर क्षमा करायला त्याला रक्त कशाला लागतं? दुसरा, पाप एकाचं आणि शिक्षा दुसऱ्याला, हा न्याय कुठला? तिसरा प्रश्न घरातला आहे. त्यांच्या चुलत सासऱ्यांनी विधवा भावजयीच्या वाटणीचं शेत उताऱ्यावर स्वतःच्या नावे चढवून घेतलं. पुढे एका प्रार्थनासभेत ते उभे राहिले, रडले, साक्ष दिली. शेताचा विषय निघाला की आता म्हणतात, ‘प्रभूनं फेडलं की सगळं, जुनं कशाला उकरताय?’ बाईंना विचारायचंय, प्रायश्चित्ताचा अर्थ खरंच एवढाच आहे का?

ताई, मला हे तिन्ही प्रश्न एकच वाटतात. तुमच्या चुलत सासऱ्यांना जी शिकवण मिळाली तिच्यात दोघंच आहेत, ते आणि प्रभू. भावजय त्यात कुठंच नाही. प्रायश्चित्त हा माणूस आणि देव यांच्यातला खाजगी हिशेब मानला, की पहिल्या दोन प्रश्नांनाही धड उत्तर सापडत नाही.

आधी रक्ताचं बघू. आपल्या भागात ‘रक्त’, ‘बळी’, ‘कोप’ हे शब्द कोऱ्या कानांवर पडत नाहीत. बेळगावजवळच्या उचगावच्या मळेकरणी देवीला मंगळवारी-शुक्रवारी बकऱ्याचे नवस फेडायला लांबून माणसं येत आली. बेळगाव तालुक्यात गावोगावच्या लक्ष्मी यात्रा बघत आपण मोठे झालो. नवसाचा व्यवहार सगळ्यांना ठाऊक असतो. मागितलं, मिळालं, आता फेडायचं, आणि नाही फेडलं तर देवीचा कोप. मी त्याची टिंगल करत नाही. नवस बोलून तो निमूट फेडणाऱ्यांचा प्रामाणिकपणा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कित्येकांपेक्षा मला जास्त दिसलाय. पण त्याच कानांनी आपण पुलपिटावरून ‘येशूच्या रक्ताने प्रायश्चित्त’ ऐकतो आणि मनात चित्र उभं राहतं ते रागावलेल्या देवाचं. त्याला काहीतरी द्यायचं, मग तो शांत होणार. बाप्तिस्म्याच्या वर्गात मी हे नेहमी विचारतो, येशूचं बलिदान कुणी कुणाला दिलं? बहुतेक मुलं म्हणतात, येशूनं देवाला दिलं. ते चूक नाही, पण त्याच्या आधीची एक गोष्ट राहून जाते, आणि सगळा विषय तिच्यावर उभा आहे.

पवित्र शास्त्रातल्या लेवीय या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातलं अकरावं वचन काढून बघा. प्राण रक्तात असतो आणि त्या रक्ताने प्रायश्चित्त होतं, हे आपल्याला माहीत असतं. त्याच वचनात देव म्हणतो की हे रक्त वेदीवर वापरायला मीच तुम्हांला दिलं आहे. देणारा देव आहे. इस्राएलात देव भुकेला आहे म्हणून वेदी नव्हती. लोकांना परत जवळ येता यावं म्हणून देवानेच तो मार्ग काढून दिला होता. नवसात वस्तू माणसाकडून देवाकडे जाते. इथे पहिलं पाऊल पलीकडून पडतं.

रक्ताशिवाय काहीच चालत नव्हतं, असंही नाही. त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सोय आहे. मेंढरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणावीत. तेवढीही ऐपत नसेल तर एफा या मापाचा दहावा भाग सपीठ आणावं, आणि तेच त्याचं पापार्पण. पिठात रक्त कुठलं? तरी याजकाने प्रायश्चित्त करायचं आणि त्या गरिबाला क्षमा व्हायची. रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही हे इब्री ९:२२ मधलं वाक्य आपण जोरात म्हणतो. नियमशास्त्राप्रमाणे जवळजवळ सगळं रक्ताने शुद्ध होतं, असं त्याच वचनाच्या आरंभी म्हटलंय. ‘जवळजवळ’ घाईत सुटतं.

आता प्रायश्चित्ताचा दिवस, सातव्या महिन्याची दहावी तारीख. लेवीयचा सोळावा अध्याय सावकाश वाचा. आमच्याकडे वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथेच. दोन बकरे आणायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. एक परमेश्वरासाठी, दुसरा अजाजेलासाठी, म्हणजे रानाशी जोडलेल्या त्या नावासाठी. प्रमुख याजक आधी स्वतःच्या आणि स्वतःच्या घराण्याच्या पापासाठी गोऱ्हा अर्पण करतो, म्हणजे याजकही सुटलेला नाही. मग तो धूप घेऊन आतल्या परमपवित्र स्थानात जातो आणि गोऱ्ह्याचं रक्त कराराच्या कोशावरच्या दयासनावर, म्हणजे त्या पवित्र पेटीच्या झाकणावर शिंपडतो. पहिल्या बकऱ्याच्या रक्ताचंही तसंच. याचं कारण अध्यायातच आहे. लोकांच्या अशुद्धतेने देवाचं निवासस्थान विटाळलं आहे आणि ते शुद्ध करायचं आहे. पापाचा लेप करणाऱ्याच्या अंगावरच राहत नाही, घराला लागतो, वेदीला लागतो, सगळ्यांच्या मध्ये असलेल्या जागेला लागतो.

त्यानंतर दुसरा बकरा. त्याच्या डोक्यावर याजक दोन्ही हात ठेवतो, लोकांचे सगळे अपराध कबूल करतो आणि त्याला रानात सोडून देतात. ज्याच्यावर पाप लादलं तो बकरा वेदीवर मारला जात नाही. ज्याचं रक्त आत नेलं त्याच्या डोक्यावर पापाची कबुली नाही. आम्ही प्रचारक मंडळी दोन्ही बकरे एकत्र करून ‘पाप बकऱ्यावर टाकलं आणि मग देवाने त्याला मारून राग शमवला’ अशी तिसरीच गोष्ट रचतो. मूळ विधी दोन कामं करतो, जागा शुद्ध करतो आणि ओझं दूर नेऊन टाकतो. बकऱ्याला शिक्षा केली असं तिथे कुठंही लिहिलेलं नाही.

मग देवाच्या क्रोधाचं काय? क्रोध आहे, तो खोडून टाकता येत नाही. पण तो कुठल्या जातीचा आहे बघा. नवस चुकला म्हणून येणारा हा कोप नव्हे. विधवेचं शेत गिळलं जातं तेव्हा जो देव शांत बसतो, तसला देव तुम्हांला चालेल का? मला नाही चालणार. प्रेमाचा आणि रागाचा उगम इथे एकच आहे. तुम्ही लिहिलंय, ‘देव प्रेमळ आहे तर त्याने नुसतं सोडून द्यावं.’ त्या भावजयीपुढे बसून हे वाक्य म्हणून बघा.

नुसतं सोडून देणं वाटतं तितकं फुकटही नसतं. वडगाव-शहापुरात सुताच्या व्यापाऱ्याकडून उधार सूत घेऊन माग चालवणारे विणकर आहेत. समजा, व्यापाऱ्याने एखाद्याची लाखभराची उधारी सोडली. तो लाख रुपया कुठे गेला? हवेत विरला नाही. तो व्यापाऱ्याच्या पदरचा गेला. माफी म्हणजे नुकसान नाहीसं होणं नव्हे, नुकसान कुणी सोसायचं हे बदलणं. ज्याचं येणं त्यानेच सोसलं. वधस्तंभाबद्दल ख्रिस्ती मंडळी जे म्हणते त्याचा गाभा हाच आहे. देवाने क्षमेची किंमत दुसऱ्या कुणाकडून वसूल केली नाही, स्वतःच्या अंगावर घेतली.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. एकाचं पाप, दुसऱ्याला शिक्षा. तुमचा आक्षेप पवित्र शास्त्राला आधीच ठाऊक आहे. लेकरांच्या पापासाठी बापाने मरायचं नाही आणि बापाच्या पापासाठी लेकराने मरायचं नाही, असं अनुवाद नावाच्या पुस्तकातलं २४:१६ हे वचन सांगतं. यहेज्केलचा अठरावा अध्याय तर सगळा यावरच आहे. तेव्हा वधस्तंभाचा अर्थ ‘निरपराध्याला पकडून अपराध्याची शिक्षा दिली’ असा लावला, तर शास्त्र स्वतःच त्याच्या विरोधात उभं राहतं.

गेल्या दोन हजार वर्षांत मंडळीने याची एकच अधिकृत मांडणी कधी ठरवली नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. ख्रिस्त कोण आहे यावर महासभा भरल्या. ३२५ साली निकेयात आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलात विश्वासाची विधानं ठरली. तारण नेमकं कसं घडतं यावर मात्र ‘आम्हा माणसांसाठी आणि आमच्या तारणासाठी’ एवढंच म्हणून थांबले. ही थांबलेली जागा प्रत्येक काळाने आपापल्या अनुभवाने भरली.

दुसऱ्या शतकात लिऑनचा बिशप इरेनियस म्हणाला की आदामाने जिथे जिथे घसरण केली ती वाट ख्रिस्त माणूस होऊन पुन्हा चालला, बाळपणापासून मरणापर्यंत, आणि बिघडलेलं मूळापासून सरळ केलं. मार्क १०:४५ मध्ये येशू आपला प्राण पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देण्याबद्दल बोलतो. ती खंडणी कुणाला दिली यावर चौथ्या शतकात वाद झाला. निस्साचा ग्रेगरी म्हणाला, सैतानाला. येशूचं मानवी शरीर हे आमिष आणि आतलं देवत्व हा गळ, सैतानाने गिळलं आणि अडकला. गोष्ट रंगतदार आहे, पण त्याचाच मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी यावर संतापला. दरोडेखोराला खंडणी, आणि तीही खुद्द देव देणार? आणि पित्याला दिली म्हणावं, तर पित्याला पुत्राच्या रक्तात आनंद कसला? सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने तुमचाच पहिला प्रश्न विचारला होता.

१०९८ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने नवी मांडणी केली. त्याचा काळ सरंजामदारांचा, म्हणून त्याची भाषाही मानाची आणि भरपाईची. पापाने देवाचा मान हिरावला जातो. तो परत द्यावा लागेल, नाहीतर शिक्षा. माणसाने द्यायला हवं, पण त्याची ऐपत नाही. ऐपत फक्त देवाची. म्हणून देव माणूस झाला. अन्सेल्मकडे ‘भरपाई किंवा शिक्षा’ असे दोन पर्याय आहेत आणि ख्रिस्ताने पहिला निवडला. म्हणजे अन्सेल्मच्या मते वधस्तंभ ही शिक्षा नाहीच, ती शिक्षेच्या ऐवजी केलेली भरपाई आहे. ११४२ मध्ये वारलेला आबेलार्द त्यावर असमाधानी होता. देवाचं प्रेम वधस्तंभावर दिसलं की माणसाच्या हृदयात उलट प्रेम पेटतं, आणि तेच आपलं तारण, असं तो म्हणे. मला आबेलार्द आवडतो, पण एकट्या त्याच्यावर भागत नाही. शेत गेलेल्या बाईला नुसतं पेटलेलं हृदय काय कामाचं?

सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली आणि कॅल्विनसारखा कायदा शिकलेला माणूस लिहायला बसला, तेव्हा चित्र कोर्टाचं झालं. आरोपी, निकाल, शिक्षा, आणि ती शिक्षा आपल्या जागी सोसणारा ख्रिस्त. आपल्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत मुख्यतः हेच रुजलं. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावात आले. त्यांच्यामागून आलेल्या मिशनऱ्यांच्या उपदेशात ‘माझ्या जागी तो’ हाच सूर मुख्य होता, आणि आपल्या गीतांत तो अजून ऐकू येतो. मी तो टाकाऊ मानत नाही. मरणाच्या दारात असलेल्या माणसाजवळ बसून ‘तुझा निकाल लागलाय, तू सुटलास’ हे म्हणता येणं फार मोठी गोष्ट आहे. फक्त कोर्टाचं चित्र एकटंच भिंतीवर टांगलं, की पिता निर्दय न्यायाधीश होतो, पुत्र बळीचा बकरा होतो आणि पवित्र आत्म्याला खोलीत जागाच उरत नाही. १९३० मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ आऊलेनने जुन्या चर्च-पित्यांकडे परत बोट दाखवलं. वधस्तंभ म्हणजे पाप, मरण आणि सैतान यांच्यावर देवाने मिळवलेला जय. त्यानंतर सेमिनऱ्यांत पुन्हा सगळ्या मांडण्या शेजारी ठेवून शिकवू लागले.

मग माझं उत्तर काय? करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, ५:१९ मध्ये, प्रेषित पौल म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. देव एकीकडे, माणूस दुसरीकडे आणि येशू मधला तिसरा, अशी मांडणी पौल करत नाही. वधस्तंभावर जो आहे तो देवच आहे, माणूस होऊन आलेला. तुमच्या माहेरी जनीबरोबर दळायला बसणारा विठोबा तुम्ही लहानपणापासून ऐकलाय. देव स्वतः खाली येऊन माणसाचं ओझं उचलतो ही कल्पना तुम्हांला परकी वाटू नये. ख्रिस्ती श्रद्धा ती पंतय पिलात या रोमी सुभेदाराच्या काळातल्या एका ठरावीक मरणाला बांधते. येशूला मारणारे हात रोमी शिपायांचे होते. पित्याने खिळे मारले असं कुठल्याही शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. माणसांनी जे वाईटात वाईट केलं ते देवाने परतफेड न करता सोसलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या मरणाचा शेवटचा शब्द काढून घेतला.

आणि ‘दुसरा’ हा शब्द इथे तितकासा बसत नाही. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात बाप्तिस्म्याचा अर्थ सांगितलाय. आपण त्याच्याबरोबर पुरले गेलो, त्याच्याबरोबर उठणार. तो माझ्या जागी मेला हे खरं, पण मला बाहेर बसवून नाही. त्याच्या मरणात मलाही ओढून घेतलंय. जुना माणूस तिथे मरायचा असतो. आता तुमच्या चुलत सासऱ्यांची अडचण दिसते का? त्यांच्या हिशेबात प्रभू मेला, पण जुना माणूस शाबूत राहिला, शेतासकट.

तिसऱ्या प्रश्नावर मी जरा रोखठोक बोलणार आहे. सीमाभागात हद्दीचं आणि बांधाचं दुखणं कुणाला समजावून सांगायला लागत नाही. बांध कोरणारा शेजारी, कागद फिरवणारा भाऊ, सही करायला लावलेली अडाणी विधवा, हे प्रत्येक गावात आहेत आणि आमच्या मंडळ्यांतही आहेत.

लेवीयचा सहावा अध्याय उघडा. शेजाऱ्याला फसवलं, लुबाडलं, ठेव बुडवली, खोटी शपथ घेतली, तर काय करायचं? आधी जे घेतलं ते पुरं परत, वर पाचवा हिस्सा जास्त, आणि ते ज्याचं आहे त्याच्या हातात. त्यानंतर मेंढा घेऊन याजकाकडे. क्रम बघा. वेदी दुसरी आहे. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तर असंही आहे की ज्याचं बुडवलं तो हयात नसेल आणि जवळचा वारसही नसेल, तरीही रक्कम बुडवणाऱ्याकडे राहत नाही, ती याजकाकडे जाते. यहुदी परंपरेत मिश्ना या नियमसंग्रहाने, साधारण २०० सालच्या सुमारास, हे स्पष्ट लिहून ठेवलं. प्रायश्चित्ताचा दिवस देव आणि माणूस यांच्यातली पापं धुतो. माणसा-माणसातली पापं तोवर धूत नाही, जोवर दुखावलेल्याची समजूत घातली जात नाही. येशूने डोंगरावर वेगळं काय सांगितलं? अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. मत्तय ५:२३-२४.

दावीद राजाचं उदाहरण मंडळीत फार दिलं जातं, ‘एवढं मोठं पाप, तरी क्षमा झाली’ म्हणून. एकावन्नावं स्तोत्र त्याच्या नावावर आहे आणि त्यात तो म्हणतो, तुला यज्ञ आवडत असता तर मी दिला असता. खरंय, उरीयाची बायको घेऊन त्याचा जो खून घडवला त्याला नियमशास्त्रात बकरा नव्हताच. जाणूनबुजून, हात उगारून केलेल्या पापासाठी अर्पणाची सोय नाही, असं गणनेचा पंधरावा अध्याय सांगतो. पण त्या स्तोत्राआधीची गोष्टही सांगावी. नाथान संदेष्ट्याने दावीदाला गरिबाची एकुलती एक मेंढी पळवणाऱ्या श्रीमंताची कथा सांगितली, आणि संतापलेल्या दावीदाच्या तोंडून काय निघालं? हा माणूस मरणाला पात्र आहे, आणि त्याने चौपट भरून द्यावं. चोरलेल्या मेंढरामागे चार द्यायची, हे लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयालाही ठाऊक होतं. झाडावरून उतरल्यावर त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट कबूल केली, आणि येशू म्हणाला, आज या घराला तारण झालं. येशूने त्याला ‘राहू दे, मी फेडतो’ असं म्हटलेलं नाही.

‘पण येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या ज्या चोराला तारण मिळालं, त्याने काय परत केलं?’ हा प्रश्न मला साक्ष देणाऱ्या प्रत्येक जमीनवाल्याने विचारलाय. त्या चोराचे हात खिळलेले होते, भाऊ. तुमचे मोकळे आहेत आणि त्यांत ट्रॅक्टरचं स्टिअरिंग आहे.

हे माझं एकट्याचं खूळ नाही. बिशप ऑगस्टिनने पाचव्या शतकात मॅसेडोनियस नावाच्या अधिकाऱ्याला लिहिलं की घेतलेली वस्तू परत करता येत असूनही केली नाही, तर तो पश्चात्ताप खरा नाही, सोंग आहे. मध्ययुगातल्या थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने तेच शास्त्रशुद्ध मांडलं. १५४५ मध्ये मेक्सिकोतल्या चियापासला बार्तोलोमे दे लास कासास बिशप म्हणून गेला, तेव्हा त्याने पापाची कबुली ऐकणाऱ्या पाद्र्यांना बजावलं की मूळ रहिवाशांकडून लुबाडलेलं परत करत नाही तोवर स्पॅनिश मालकांना पापमुक्ती द्यायची नाही. मालक चवताळले, बिशपला तिथे फार काळ टिकू दिलं नाही. खानापूरकडच्या आपल्या कॅथलिक बांधवांना हे चांगलं माहीत आहे. कुमसाराला, म्हणजे पाद्र्यापुढे पापाची कबुली द्यायला गेलं की नुसतं सांगून होत नाही. मनापासून खंत, तोंडाने कबुली आणि भरपाई, अशी तीन अंगं १५५१ साली त्रेंतच्या महासभेने पक्की केली आहेत. आम्ही प्रोटेस्टंट कर्मांनी तारण मिळत नाही म्हणतो, आणि ते खरं आहे. पण कर्मांनी तारण विकत घेणं वेगळं आणि तारण मिळालेल्याने चोरीचा माल परत करणं वेगळं. दुसऱ्याला पहिल्याचं नाव देऊन आम्ही पुष्कळांची सोय करून दिली आहे.

फिलेमोनाला लिहिलेलं पौलाचं पत्र एका पानाचं आहे, चुलत सासऱ्यांना ते वाचून दाखवा. पळालेला दास अनेसिम विश्वासात आला. पौल मालकाला लिहितो, त्याने तुझं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन. दुसऱ्याचं येणं स्वखुशीने स्वतःवर घेणं म्हणजे काय, ते एवढं सरळ दुसरीकडे कुठे दिसत नाही. आणि त्याच पत्रात पौल अनेसिमाला परत पाठवतोय, ज्याच्याकडून पळाला त्याच्याच दारात. दास-मालक या व्यवस्थेबद्दल आज आपले प्रश्न रास्त आहेत, पण इथला मुद्दा फेडीचा आहे. पौलाने हिशेब घेतला म्हणून अनेसिमाची ती वाट टळली नाही.

तेव्हा ताई, प्रभूने क्षमा केली असं चुलत सासरे म्हणतात, त्यावर वाद घालू नका. केली असेल. पाप माफ होतं. साडेतीन एकर असो की पाऊण, जमीन माफ होत नाही, ती जिथल्या तिथेच असते आणि दर हंगामात तिच्यातून ऊस निघतो. क्षमा मिळालेल्या माणसाने काय करायचं ते उघड आहे. सब-रजिस्ट्रार कचेरीत रीतसर दस्त करून शेत भावजयीच्या नावे करायचं, म्युटेशन, म्हणजे फेरफार होऊन आरटीसी उताऱ्यावर तिचं नाव येईपर्यंत पाठपुरावा करायचा, आणि त्या खर्चाला तिला हात घालू द्यायचा नाही. इतक्या वर्षांची कारखान्याची बिलं कुणाच्या खात्यात जमा झाली तेही मांडायचं. लेवीयचा पाचवा हिस्सा त्यावर वेगळा. एकरकमी झेपत नसेल तर हप्ते पाडावेत, पण तोंडी नको, कागदावर. दस्त कोणत्या प्रकारचा करायचा ते वकिलाला विचारा, पाळकाला नको.

तुमच्या पाळकांशी बोला. साक्ष मंडळीसमोर झाली असेल तर परतफेडीची गोष्ट मंडळीच्या वडिलांपुढे व्हायला हरकत नाही. प्रभुभोजनाआधी ‘कुणाचं काही देणं असेल तर आधी जाऊन मिटवा’ असं नुसतं म्हणून पुढे जाणारे पाळक खूप आहेत. या प्रकरणात त्यांनी त्या घरी जाऊन बसावं. चुलत सासरे चिडतील, मंडळी बदलण्याची धमकी देतील. बदलू द्या.

आणि त्या भावजयीला कुणी ‘ख्रिस्ती आहेस, माफ करून टाक’ असं सांगायला जाऊ नये, तुम्हीही नाही. शेत परत मिळाल्यावर ती माफ करेल, वेळ घेईल किंवा करणारही नाही. ते तिचं आणि देवाचं. आत्ता तिला उतारा मिळाला पाहिजे.